आवाज डॉक्टरांचा

"परत लाव," बाजीराव खिलारे म्हणाला.

सदाने बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर पुन्हा बोट ठेवलं. त्याच्या चहाच्या गाड्याभोवती आम्ही आठ-दहा जण उभे होतो. सकाळचे आठ वाजून गेले होते. गुरुवार होता, बाजाराचे टेम्पो रस्त्यावरून खडखडत चालले होते. त्या खडखडाटातही डॉक्टर हेमंत शिराळकरांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. तेच किंचित नाकातलं, सावकाश, वाक्याआधी घसा साफ करणारं.

"हे बघा, मुळात काय आहे, ती घाटाखालची माणसं. त्यांना औषधातलं काय कळतंय? मुदत गेलेल्या बाटल्या आपल्याकडे पडल्यात, त्या तिकडे संपवायच्या. एखादं पोर गेलं तर गेलं. त्यांच्यात काय, वर्षाला एक होतंच."

मग दुसरं कुणीतरी हसलं आणि क्लिप संपली. खाली लिहिलं होतं, 'आरोहीचा खुनी कोण? स्वतःच्या कानांनी ऐका आणि दहा ग्रुपवर पाठवा.'

आरोही बाजीरावची मुलगी. सहा वर्षांची. एकोणीस दिवसांपूर्वी शिराळकरांच्या दवाखान्यात डेंग्यूने गेली होती. आमची वस्ती नदीच्या घाटाखाली. पावसाळा संपता संपता तिथे घरटी एक माणूस तापाने पडलं होतं, आणि त्यातली बहुतेक शिराळकरांकडेच गेली होती, कारण हात रिकामा असला तरी ते परत पाठवत नसत. ते नगराध्यक्षपदाला उभे होते. रविवारी मतदान होतं. वस्तीची मतं त्यांनाच जाणार, हे सगळं गाव धरून चाललं होतं.

बाजीराव मार्केट यार्डात हमाली करायचा. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढणारा माणूस. तो ओरडला नाही, रडला नाही. त्याने चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला आणि विचारलं, "बाटलीवर तारीख कुठं लिवल्याली असती?"

"खाली असती. लेबलावर. बारीक," कुणीतरी सांगितलं.

तो घरी गेला आणि आरोहीच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली घेऊन आला. लेबलावर औषध ओघळून वाळलं होतं. तारखेच्या जागी नुसता तपकिरी डाग होता. बाटली हातोहात फिरली. प्रत्येकाने ती उजेडाकडे धरून बघितली.

"पुसलीया," सदा म्हणाला. "मुद्दाम पुसलीया ही."

बाटली माझ्या हातात आली. मी बघितल्यासारखं केलं आणि पुढे दिली. त्या घोळक्यात मला एकट्याला ठाऊक होतं की क्लिपमध्ये बोलणारा माणूस डॉक्टर शिराळकर नव्हते. तो मी होतो.

मी अंकुश लोंढे. तेव्हा माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. गणपतीत, जत्रेत मी मिमिक्री करायचो. म्हैस, रेल्वे, पुढारी, हेडमास्तर, सगळे काढायचो. पण लोक ओरडून मागायचे ते डॉक्टर शिराळकरांना. एका वर्षी खुद्द डॉक्टर समोर बसले होते आणि हसून हसून त्यांना ठसका लागला होता. नंतर माझा खांदा थोपटून म्हणाले होते, "अंकुश, उद्या ओपीडीत येऊन बस. मी सुट्टी घेतो."

दसऱ्याच्या सुमारास जयवंत कणसे माझ्या गोदामात आला. विरोधी पॅनेलचा सगळा प्रचार तोच सांभाळायचा. त्याने एक कागद आणला होता. "प्रचाराच्या गाडीवर गंमत म्हणून लावायचंय," म्हणाला. मी वाचलं आणि म्हणालो, "शेठ, हे जरा जास्तच होतंय." तो म्हणाला, "अरे, लोकांना कळणारच की अंकुशचा आवाज आहे. हसतील लोक. आणि सभांचे सगळे मंडप तुझेच." मी बोललो. एकदाच, त्याने पुढे धरलेल्या मोबाईलमध्ये. पहिल्याच झटक्यात जमलं. आरोही तेव्हा वस्तीत खेळत होती, अगदी ठणठणीत.

लोक हसतील, असं तो म्हणाला होता. आणि त्या सकाळी गाड्याभोवतीच्या एकाही माणसाला शंका आली नाही. आता सांगायला जीभ जड होते. पण ती क्लिप पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आधी भीती वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. इतका हुबेहूब काढला होता मी डॉक्टर, की त्यांच्या दवाखान्यात जन्मलेली माणसंही फसली होती. ते दोन-तीन मिनिटं टिकलं. मग बाजीराव बाटली आणायला गेला.

घरी आलो तर शालन, माझी बायको, दारात उभी होती. तिच्या हातात मोबाईल होता.

"अवं, ह्यो तुमचा आवाज हाय," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"कोन कशाला म्हणाया पायजे? डॉक्टर बोलताना मधी दम घेत्यात. त्यास्नी दमा हाय. तुम्ही घेत न्हाई. चौदा वर्सं ऐकतीया मी तुमाला."

मी दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. ती खाली बसली. मग उठून माझा शर्ट खुंटीवरून काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"जावा. बाजीरावला आत्ताच्या आत्ता सांगा."

"मारून टाकील तो मला."

"दोन थोबाडीत मारंल. आत्ता मारंल ते सोसंल तुमाला. दुपारपतुर थांबलासा तर कुनाकुनाला सोसावं लागंल ते बगा."

मी गेलो, पण बाजीरावकडे नाही. कणसेकडे गेलो. वाटलं, ज्याने सोडलं त्यालाच मागे घ्यायला लावावं. प्रचार कार्यालयात तो नाश्ता करत बसला होता. मी म्हणालो, "शेठ, एक मेसेज टाका की ती क्लिप खोटी आहे. लोक खवळलेत."

त्याने हात पुसले. "खवळले नाहीत तर मत कशाला देतील?"

"मग मी सांगतो."

"सांग की," तो शांतपणे म्हणाला. "बाजीरावसमोर उभा राहा आणि म्हण, तुझ्या मेलेल्या पोरीवर ते मी बोललो. आवाज तुझा. माझा आहे का त्यात कुठे? तू जातोस का सांगायला, का मी माणूस पाठवू?"

मी तिथे उभा राहिलो. त्याने दुसरी प्लेट मागवली. मी परत फिरलो.

त्यानंतरच्या तीन तासांत मी घाटाच्या पायरीवर बसून होतो आणि मोबाईलवर सगळं बघत होतो. नऊ वाजता मेसेजमध्ये एक पोर मेलं होतं. दहा वाजता तीन झाली. साडेदहाला एक फोटो आला: दवाखान्यामागे सापडलेला मुदत संपलेल्या औषधांचा ढीग. त्या खोक्यांवर कुठल्या तरी परक्या मुलखाची अक्षरं होती, आमच्या गावातल्या कुणालाही वाचता न येणारी. कुणी बघितलंच नाही. अकराला कुणाच्या तरी मेहुण्याने लिहिलं की डॉक्टर रात्री पळून जाणार आहेत, गाडीत बॅगा भरल्यात. माझ्या चुलतभावाने तो मेसेज मला पाठवला. मी त्याला लिहिलं, 'हे खोटं आहे.' त्याने उलट विचारलं, 'तुला काय माहीत?' मी मोबाईल पायरीवर उलटा ठेवला.

बाराच्या सुमाराला वस्तीतून माणसं निघायला लागली. मार्केट यार्डातले हमाल आले, बाजारातले आले, ज्यांना बाजीराव कोण हेही माहीत नव्हतं असे आले. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात मंडपाचे बांबू. ते बांबू माझ्याच गोदामातून ओढून नेले होते. बाजीराव सगळ्यांत पुढे होता. त्याच्या हातात दगड फोडायची पहार होती. बायका दारात उभ्या राहून छाती पिटत होत्या. शालन माझ्यासमोर आली आणि तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. मी पळालो.

मधल्या बोळातून मी गर्दीच्या आधी दवाखान्यापाशी पोहोचलो. फाटकाबाहेर डॉक्टरांच्या प्रचाराची रिक्षा उभी होती, टपावर दोन कर्णे बांधलेले. ड्रायव्हर पळून गेला होता. गाणं मात्र चालूच होतं. पोलीस दोनच होते. बाकीचे सगळे मोठ्या पुढाऱ्याच्या सभेच्या बंदोबस्ताला गेलेले. डॉक्टर प्रचाराला पेठेत होते. आत त्यांची पत्नी, दोन नर्स आणि पेशंट.

जाळीचं सरकतं दार अर्धं ओढून मगदूम अप्पा उभे होते. दवाखान्याचे कंपाउंडर. पासष्टीचे असतील. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशाला पेनं. आमच्या वस्तीत कुणाला कुठली गोळी चालत नाही हे त्यांना तोंडपाठ असायचं.

"अप्पा, दार लावा आणि आत जावा," मी म्हणालो.

"कुलूप बसंना," ते म्हणाले. "कवा लावायची पाळीच आली न्हाई. गंजलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अंकुश, आत नऊ पोरं सलाईनवर हायत. सहा तुमच्या वस्तीतली. त्यांच्या आया मागच्या दारानं न्यायला बघत्यात. जरा येळ काढला पायजे."

तेवढ्यात गर्दी वळणावरून आली.

पहिला दगड रिक्षाच्या काचेवर बसला. दुसऱ्याने दवाखान्याची पाटी फुटली. त्या दोघा पोलिसांतला एक जण पुढे गेला, त्याच्या डोक्यात बांबू बसला आणि तो मोटारसायकलींच्या रांगेवर आडवा झाला. दुसऱ्याने त्याला ओढत बाजूला नेलं. औषधाच्या दुकानाचं शटर लोकांनी वाकवलं. बाटल्या रस्त्यावर फुटायला लागल्या. सगळीकडे खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास सुटला. एका बाईच्या, आत भेटायला आलेल्या कुणाच्या तरी बहिणीच्या, तोंडातून रक्त येत होतं आणि ती ओरडत होती, "मी पेशंटची हाय, मी पेशंटची हाय!"

"डॉक्टर भायेर काढ!" बाजीराव दारापाशी आला होता.

"डॉक्टर न्हाईत बाबा," अप्पा म्हणाले. "आत लेकरं हायत. तुमचीच हायत."

"माझी कुठं हाय?" बाजीराव म्हणाला.

अप्पांनी दोन्ही हात जोडले.

मी रिक्षात शिरलो. गाणं बंद केलं आणि माईक उचलला. आयुष्यभर माईक हातात घेतलेला माणूस मी. माईकवर बोललं की लोक ऐकतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"ऐका!" मी ओरडलो. "मी अंकुश लोंढे! ती क्लिप खोटी हाय. त्यो आवाज माझा हाय. डॉक्टर तसं बोललेले न्हाईत. मी बोललोय!"

क्षणभर पुढच्या रांगा थांबल्या. मग सदा ओरडला, "किती घेतलंस रं डॉक्टरकडनं?"

"फोडला ह्यालाबी!"

"ईकला गेला भडवा!"

एक वीट आली आणि माझ्या कानाजवळ रिक्षाच्या दांडीला लागून फुटली. मी बाहेर आलो, माईक धरूनच. दाराच्या पायरीवर अप्पांच्या शेजारी उभा राहिलो म्हणजे सगळ्यांना दिसेन, असं मला वाटलं. पुरावा माझ्या घशात होता. तो दाखवला की संपलं, असं मला वाटलं.

मी घसा साफ केला आणि डॉक्टरांच्या आवाजात बोललो. क्लिपमधलंच वाक्य. "हे बघा, मुळात काय आहे, ती घाटाखालची माणसं. एखादं पोर गेलं तर गेलं..."

समोरच्या वीस-पंचवीस जणांनी माझं तोंड हलताना बघितलं. बाजीरावने बघितलं. तो माझ्यापासून चार हातांवर होता. पहार त्याच्या हातात खाली आलेली होती. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता, आणि मला वाटलं, कळलं. वाचलो.

पण मागे चार-पाचशे माणसं होती. वळणाच्या पलीकडे, गल्लीत, गाड्यांच्या आड. त्यांना मी दिसत नव्हतो. त्यांना फक्त कर्णे ऐकू येत होते. आणि कर्ण्यांतून डॉक्टर शिराळकर तेच वाक्य त्यांच्या तोंडावर पुन्हा म्हणत होते.

"आतच हाय! आतनं बोलतोय!"

"अजून माज बघा त्याचा!"

जो आवाज उठला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि मला काढताही यायचा नाही. दगड एकदम आले, पाऊस पडावा तसे. मी माईक टाकून खाली बसलो. अप्पा बसले नाहीत. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. टोपी उडाली. ते गुडघ्यावर आले, पण जाळी सोडली नाही. मागची माणसं पुढच्यांना ढकलत होती. मी ओरडत होतो, "मी आहे रं, मी आहे," पण माझा स्वतःचा आवाज कुणाच्याही कानापर्यंत पोचत नव्हता. मग मला पहार वर गेलेली दिसली.

एक घाव. अप्पांचे हात जाळीवरून सुटले.

लोक त्यांच्यावरून आत गेले. माझ्यावरूनही गेले. माझा डावा हात कोपरापाशी मोडला, तीन बरगड्या मोडल्या. आतून खुर्च्या, सलाईनचे स्टँड, फाईली बाहेर येऊन पडत होत्या. एका नर्सला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढत आणलं. पोरं तेवढ्या वेळात मागच्या दाराने बाहेर गेली होती. नऊच्या नऊ. एकीची सलाईनची बाटली तिच्या आईने दातांत धरली होती, असं नंतर शालनने सांगितलं. शालन मागच्या बाजूला होती. दोन पोरं तिने काढली होती.

अप्पांचं डोकं माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं. डोळे उघडे होते. ते गेले होते.

ज्यादा कुमक आली तेव्हा तीन वाजले होते. दवाखान्याचा खालचा मजला जळत होता. मला सरकारी रुग्णालयात नेलं. तिथेच मी जबाब दिला. फौजदार लिहून घेत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काढून दाखव." मी काढून दाखवला. दाराशी उभा असलेला हवालदार दचकून मागे वळला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिराळकर मला भेटायला आले. मला वाटलं होतं, ते मारतील. ते स्टुलावर बसले, माझं प्लास्टर बोटाने वाजवून बघितलं, बोटं हलवून दाखव म्हणाले. मी हलवली. त्यांच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

"मी ती क्लिप काल संध्याकाळी ऐकली," ते म्हणाले. "ऐकताना मला क्षणभर वाटलं, मी कधी असं बोललो होतो की काय. थकल्यावर. रागाने. मी आठवत बसलो, अंकुश."

"तुम्ही न्हाई बोलला, डॉक्टर."

"मला माहीत आहे," ते म्हणाले आणि उठले. "तरी आठवत बसलो."

शनिवारी वर्तमानपत्रात आलं की क्लिप बनावट होती, मिमिक्री करणाऱ्या इसमाने कबुली दिली. रविवारी मतदान झालं. डॉक्टर दोन हजारांहून जास्त मतांनी पडले. आमच्या वस्तीच्या केंद्रावर त्यांना चौदा मतं पडली. ज्यांची पोरं अप्पांनी धरलेल्या जाळीमुळे वाचली होती, त्यातल्या एका बापाने मला नंतर तोंडावर सांगितलं, "अंकुश, पेपर काय, इकत घेता येत्यात. आमी कानानं ऐकलंय." डॉक्टरांनी दवाखाना पुन्हा उघडला नाही. ते मुलीकडे निघून गेले. कणसेचा मोबाईल विहिरीत पडला होता आणि त्याचं नाव घेणारा मी एकटा होतो. पुराव्याअभावी तो सुटला. पुढच्या वेळी तो स्वतः उभा राहिला आणि निवडून आला.

खटला चालला. सरकारी वकिलांनी मला कोर्टातही तो आवाज काढायला सांगितला. अप्पांच्या पत्नी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "नको, साहेब." न्यायाधीश म्हणाले, "काढा." मी काढला. त्या माउलीने मान खाली घातली नाही. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. मला दोन वर्षं झाली. बाजीरावला आठ.

सुटून आल्यावर आम्ही गाव सोडलं. शंभर किलोमीटरवरच्या एका गावात मी पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मिमिक्री सुटली. ठरवून सोडली असंही नाही. तोंड उघडलं की काही येतच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी, दुकानासमोर एक माणूस येऊन थांबला. दाढी पांढरी, पाठ वाकलेली. मी ओळखलंच नाही. शालनने ओळखलं. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवून आत गेली.

बाजीराव फळीवर बसला. पाणी प्यायला. उघडून ठेवलेल्या पंख्याकडे बघत राहिला.

"कधी सुटलास?" मी विचारलं.

"संक्रातीला."

सात वर्षं मी एक वाक्य घोकत होतो, ते म्हणालो. "बाजीराव, मी सकाळीच तुला सांगायला पायजे होतं. गाड्यावर. तुझ्या हातात बाटली होती तेव्हा."

"व्हय," तो म्हणाला. "सकाळी सांगितलं असतंस तर मारला असता तुला. जिता ठेवला असता."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. बाजीराव तो जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला,

"वकिलानं मला शिकवलं हुतं. म्हन, गोंधळात काय दिसलं न्हाई, काय कळलं न्हाई. मी कोर्टात तसंच बोललो. पर मला दिसलं हुतं, अंकुश. तू पायरीवर हुतास. तुझं तोंड हालताना मी बघितलं. मला कळलं हुतं की त्यो तूच हाईस. डॉक्टर न्हाई."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? मागं एवढी माणसं हुती. माझ्या पोरीसाठी आल्याली. जिचं नाव गावात कुनाला ठावं नव्हतं, तिच्या नावानं वरडत हुती. त्यास्नी मागं वळून काय सांगू? की डॉक्टर न्हाई, मुदत न्हाई, कुनीच काय केलं न्हाई?" त्याने तळहातांकडे बघितलं. "तू म्हनलास डॉक्टर न्हाई, तवा माझ्या मनात एकच आलं. मग माझी आरोही कशानं गेली? नुसत्या तापानं? नुसता ताप आला आन् गेली?"

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ते मला सोसंना," बाजीराव म्हणाला. "म्हनून पहार उचलली."